लहान मुलीसाठी सॉफ्टबॉलचा कॅचर मिट: कोणता घ्यावा, कसा बघावा?

गवतफूल

नमस्कार मंडळी. लेक साडेआठ वर्षांची आहे. न्यू जर्सीत गावच्या लीगमध्ये सॉफ्टबॉल खेळते. येत्या मोसमात १० वर्षांखालच्या गटात जाईल आणि तिथे कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरने (चेंडू टाकणाऱ्या मुलीने) टाकलेले चेंडू झेलणारी, व्हायचं म्हणते. फेकते उजव्या हाताने. आतापर्यंत ११ इंची साध्या ग्लोव्हवर खेळली.

दुकानात मिटवर (कॅचरच्या जाड गादीच्या ग्लोव्हवर) २९ पासून ३४ पर्यंत आकडे दिसतात, त्यांचा ग्लोव्हच्या ११-१२ शी मेळ लागत नाही. मोठ्या भावाचा बेसबॉलचा ३२ इंची मिट घरात आहे, तो चालेल का? की एकदाच मोठा घेऊन टाकावा, म्हणजे चार वर्षं बघायला नको? बजेट ७०-८० डॉलर.

डगआउट

आधी आकड्यांचं. साधा ग्लोव्ह मोजतात तो तर्जनीच्या टोकापासून पॉकेटमधून (चेंडू बसतो तो खळगा) खाली टाचेपर्यंत (मनगटाकडची कड). कॅचरचा मिट मोजतात बाहेरच्या कडेने, पूर्ण घेर. म्हणून एक ११ आणि दुसरा ३२. घरातला मिट मोजायचा असेल तर शिवणकामाचा टेप कडेवरून फिरवा. ३२ इंच म्हणजे ८१ सेंटिमीटरच्या आसपास.

दुकानदार साधारण असं सांगतात: ७ ते ९ वर्षांना २९ ते ३१, १० ते १२ ला ३० ते ३२.५, त्यानंतर ३२.५ ते ३३, आणि मोठ्या मुलींना ३३ ते ३५. हा तक्ता सुरुवातीला ठीक आहे, पण एकाच वयाच्या दोन मुलींच्या पंजात फार फरक असतो. त्यामुळे शेवटचा निर्णय तक्त्यावर सोडू नका. माझ्या मते कसोटी एकच: मिट हातात असताना तो तिला स्वतःच्या जोराने मिटता आला पाहिजे. मिटता येत नसेल तर चामडं कितीही उत्तम असो, त्या मुलीसाठी तो मिट नाही.

दुकानात हे करून बघा. चेंडू सोबत न्या, तुमच्या लीगमध्ये वापरतात तोच. १० वर्षांखाली तुमच्याकडे ११ इंची असेल, १२ वर्षांखालच्या गटापासून १२ इंची. मिट घालून, दुसऱ्या हाताची मदत न घेता तिला लागोपाठ दहा वेळा तो उघडमीट करायला सांगा. नव्या मिटच्या कडा एकमेकींना टेकणार नाहीत, त्याची काळजी नको. पण दहाव्या वेळेलाही पहिल्याइतकाच मिटला पाहिजे. पाच-सहा वेळांनंतर बोटं दमून नुसतं मनगट वळायला लागलं, तर मिट कडक आहे किंवा मोठा आहे. मग चेंडू पॉकेटमध्ये ठेवून मिट मिटायला सांगा आणि तळवा जमिनीकडे करून हात हलवायला सांगा. चेंडू पडता कामा नये. शेवटी हात खांद्याच्या उंचीवर, कोपर किंचित वाकवून, अर्धा मिनिट समोर धरायला लावा. हात खाली यायला लागला तर सामन्यात तिसऱ्या इनिंगनंतर तिचं टार्गेट, म्हणजे पिचरला नेम म्हणून धरलेला मिट, गुडघ्यापर्यंत उतरलेलं असेल आणि पिचर त्याच्याही खाली टाकेल.

वजन दुकानात कोणी सांगत नाही, तेच सर्वात महत्त्वाचं. ११ इंची मुलांचा ग्लोव्ह साधारण ३५० ते ४५० ग्रॅमचा, मुलांचा मिट ५०० ते ६००, मोठ्यांचा ७५० च्या पुढे. साडेआठ वर्षांच्या मनगटाला हा फरक फार मोठा आहे.

आता भावाचा मिट. नको. बेसबॉलचा घेर ९ इंच, म्हणजे व्यास सात सेंटिमीटरांच्या थोडा वर. सॉफ्टबॉलचा ११ इंची चेंडू नऊ सेंटिमीटर रुंद, १२ इंची जवळपास पावणेदहा. बेसबॉलच्या मिटचं पॉकेट उथळ आणि टाचेची गादी जाड असते. मोठा चेंडू अंगठा आणि बोटांच्या मधे पूर्ण आत जातच नाही, कडेच्या गादीवर आपटून बाहेर उडतो. मुलीला वाटतं आपल्याला झेलता येत नाही. सॉफ्टबॉलच्या मिटचं पॉकेट खोल, वेब (अंगठा आणि तर्जनीमधला भाग) मोठा आणि अंगठा ते वेब अंतर जास्त. लेबलवर 'फास्टपिच' (वेगाने चेंडू टाकायचा सॉफ्टबॉलचा प्रकार) लिहिलेलं असेल तोच घ्या.

सातपुडा

डगआउट यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण एक मूळ प्रश्न विचारतो: साडेआठ वर्षांच्या मुलीला मिट हवाच का?

कॅचरने साधा ग्लोव्ह वापरायला नियमांत काही आडकाठी नाही. १० वर्षांखाली पिचर ३५ फुटांवरून टाकते. वेग बहुतेक वेळा ताशी ५५ ते ७० किलोमीटर. त्या वेगाला साधा चामड्याचा ग्लोव्ह पुरतो, अट एवढीच की चेंडू पॉकेटमध्ये झेलला जावा, तळहातावर नाही. शिवाय या वयात निम्मे चेंडू जमिनीवर टप्पा खाऊन येतात किंवा हातभर बाहेर जातात. तिथे हात झटकन फिरवता येणं महत्त्वाचं. जाड मिट घालून मुली बाहेरच्या चेंडूमागे हात नेतात तेव्हा मिट उशिरा पोचतो, चेंडू कडेला लागून मागे जातो, आणि तिसऱ्या बेसवरची मुलगी होमप्लेटवर पळत येऊन धाव घेते.

माझं मत: ११.५ इंची, बंद (मोकळ्या फटी नसलेल्या) वेबचा, मऊ चामड्याचा सॉफ्टबॉल ग्लोव्ह, आत एक पातळ बॅटिंग ग्लोव्ह. एक मोसम असा काढा. तिला जागा खरोखर आवडली तर १० व्या वर्षी मिट.

डगआउट

हे मुलीवर आहे, सातपुडा. जी मुलगी प्रत्येक सामन्यात एखादीच इनिंग कॅचर असते तिच्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण संघात दोनच कॅचर असतील आणि आठवड्यात दोन सराव व दोन सामने असतील, तर साध्या ग्लोव्हने तर्जनीचं बूड आणि तळहात सुजतात. मग मुलगी चेंडू यायच्या आधी डोळे मिटते, हात मागे ओढते. ही सवय लागली की मोडायला वेळ जातो. गादी लागते ती या सवयीपासून वाचवायला.

गवतफूल, प्रशिक्षकांना सरळ विचारा: सामन्यात ती साधारण किती इनिंग कॅचर म्हणून बसणार? अर्ध्याहून जास्त असतील तर मिट घ्या. कमी असतील तर सातपुडा म्हणतात तसं करा.

एक पर्याय कोणी सांगितला नाही, पहिल्या बेसवर खेळणाऱ्यांचा मिट. सॉफ्टबॉलसाठी तो १२ ते १३ इंचांचा येतो, कॅचरच्या मिटपेक्षा हलका असतो, तोंड रुंद असतं आणि टप्पा खाल्लेले चेंडू छान उचलतो. गादी मात्र पातळ. त्यामुळे वेगवान पिचरपुढे तो टिकत नाही. ९-१० वर्षांच्या मुलीला जी पहिल्या बेसवरही खेळते, तिला हा एकच मिट दोन्हीकडे चालतो.

चामडी_वादी

चामड्याबद्दल लिहितो, कारण या वयाच्या मिटमध्ये बहुतेक पैसे इथेच वाया जातात.

मोठ्यांचे महाग मिट बैलाच्या जाड, वरचा थर न घासलेल्या (फुल ग्रेन) चामड्याचे किंवा किप (तरुण जनावराच्या) चामड्याचे असतात. आकार वर्षानुवर्षं टिकवतात, पण मोठ्या खेळाडूलासुद्धा ते मऊ करायला आठवडे लागतात. नऊ वर्षांच्या बोटांत तेवढा जोर नसतो, त्यामुळे मिट हातात मऊ होतच नाही, पुढचं वर्षभर फळीसारखा राहतो. मुलांसाठी गाईचं तेल लावून मऊ केलेलं चामडं किंवा डुकराचं पातळ चामडं बरं. तळवा आणि पॉकेट चामड्याचं, मागची बाजू कृत्रिम, अशी जोड मिळते. वजन कमी होतं आणि ७०-८० डॉलरांत बसते. पूर्ण कृत्रिम मिट घेऊ नका. तो लगेच मऊ वाटतो, पण पॉकेट धरून ठेवत नाही; चेंडू रोज वेगळ्या जागी बसतो.

मिट कुठे दुमडतो तेही बघा. काही अंगठ्याच्या बाजूने दुमडतात, काही करंगळीकडून, काहींना टाचेत दोन्हीकडे घडी असते. लहान हाताला दोन घड्यांचा सोपा, कारण टाचेची गादी मधे अखंड नसते आणि मिटायला जोर कमी लागतो. हात न घालता मिट टेबलावर ठेवा, अंगठा आणि करंगळीची बाजू दोन्ही हातांनी जवळ आणा. घडी टाचेत पडली तर ठीक. तळव्याच्या मधोमध पडली तर तो मिट करंजीसारखा मिटणार आणि चेंडू वरच्या कडेतून निसटणार.

आतल्या बाजूला अंगठ्याची आणि करंगळीची अशा दोन वाद्या असतात. दुकानात या कोणी बघत नाही. लहान हाताला त्या घट्ट असायला हव्यात. बाहेर गाठ असते ती सोडायची, मुलीला हात घालायला लावायचा, वादी अंगठ्याच्या दुसऱ्या पेराशी टेकेपर्यंत ओढायची, पुन्हा गाठ मारायची. सैल वादीत अंगठा खोल जातो आणि वेगाच्या चेंडूने मागे वाकतो. कॅचरच्या अंगठ्याला अशी दुखापत होऊ शकते. मनगटाचा पट्टा वेल्क्रोचा किंवा बकलचा घ्या, वादीने बांधायचा नको. मुलीला तो स्वतः घट्ट करता आला पाहिजे.

रानवाट

जळगावहून. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे, इथेच विचारते. शाळेच्या संघात मुलींना स्वतःचे मिट नसतात. शाळेच्या पेटीत एक ३४ चा जुना मिट आहे, तोच १४ वर्षांखालच्या, १७ वर्षांखालच्या आणि १९ वर्षांखालच्या मुलींना. सातवी-आठवीच्या मुलींना तो खूप मोठा होतो. नवीन एकच घेता येणार असेल तर कोणता घ्यावा? आणि पावसाळ्यात त्याला पांढरी बुरशी येते, त्याचं काय करायचं?

सातपुडा

रानवाट, एकच घेता येत असेल तर ३२.५ घ्या. १७ आणि १९ च्या मुलींना तो थोडा लहान पडेल, पण वापरता येईल. उलटं होत नाही: १२ वर्षांच्या मुलीला ३४ चा मिट वापरता येत नाही, ती तो फक्त अडवायला धरते. जुना ३४ मोठ्या मुलींकडे राहू द्या.

मिट वेगवेगळ्या हातांत फिरणार असेल तर आतल्या दोन वाद्या मधल्या मापावर बांधा आणि लहान हातासाठी आत पातळ कापडी हातमोजा द्या. घाम शोषला जातो, अस्तर कुजत नाही आणि सैल मिट घट्ट बसतो. हातमोजा मात्र प्रत्येकीचा वेगळा.

मेरठ-जालंधरचे (तिथे खेळाचं सामान बनतं) मिट घेताना दोन गोष्टी हाताने तपासा. टाचेतली गादी दाबून बघा, ती एकसारखी लागली पाहिजे, गुठळ्या नकोत. आणि वेब दोन्ही हातांनी ओढा. वेबच्या वाद्या ताणून जागच्या सरकल्या तर मिट पहिल्याच महिन्यात सैल होईल. गाठी स्वतः पुन्हा आवळून घ्यायला लागतील, त्याची तयारी ठेवा.

चामडी_वादी

बुरशीचं उत्तर. मिट पेटीत बंद ठेवला की बुरशी येणारच, प्लास्टिकच्या पिशवीत तर आठवड्यात येते. पावसाळ्यात मिट उघड्या फळीवर, भिंतीपासून थोडा दूर, तळवा वर करून ठेवा. पॉकेटमध्ये चेंडू असू द्या.

आलेली बुरशी काढायला आधी मिट उघड्यावर न्या, वर्गात झटकू नका. कोरड्या मऊ ब्रशने झाडा, शिवणी आणि वाद्यांच्या भोकांतली टूथब्रशने. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं बुडवा, घट्ट पिळा आणि पुसा. चामडं ओलं होता कामा नये, फक्त दमट. सावलीत पंख्याखाली पूर्ण एक दिवस. पूर्ण वाळल्यावर ग्लोव्ह कंडिशनर, सुपारीएवढा, फडक्यावर घेऊन पातळ पसरा.

सामन्यात मिट भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात नाही, इस्त्रीजवळ नाही, हेअर ड्रायर नाही. उष्णतेने चामड्यातलं तेल उडतं, वाद्या कडक होतात आणि पुढच्या ओढीला तुटतात.

गवतफूल

सगळ्यांचे आभार. प्रशिक्षकांना विचारलं, अर्ध्याहून जास्त इनिंग तिलाच बसायचं आहे, म्हणजे मिट घेतेय. ३१ चा फास्टपिच मिळाला तर तो, नाहीतर ३२ चा मऊ चामड्याचा, हे ठरवलं. मायक्रोवेव्हमध्ये तीस सेकंद ठेवला की मऊ होतो असं लीगमधल्या एका पालकांनी सांगितलं. आणि खोबरेल तेल लावायचं का?

चामडी_वादी

मायक्रोवेव्ह, ओव्हन, उकळतं पाणी, उन्हात तापलेल्या गाडीची डिकी, सगळ्याला नाही. काही मिटांत धातूच्या कड्या असतात, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात. चामड्याच्या थरांमधला गोंद वितळतो, गादी एकीकडे सरकते. मिट त्या दिवशी मऊ वाटतो आणि मोसमाच्या मधे लोळागोळा होतो.

खोबरेल, मोहरीचं, तिळाचं, कुठलंच स्वयंपाकघरातलं तेल नको. चामडं ते पीत राहतं, मिट जड होतो, वाद्या ताणून लांबतात आणि तेल पुढे खवट होतं. लॅनोलिन असलेला ग्लोव्ह कंडिशनर घ्या, छोटी डबी दोन मोसम पुरते. लावायचा तोही फक्त तीन ठिकाणी: पॉकेट, घडीची जागा आणि वाद्या. बोटांच्या मागच्या भागाला नाही, तिथला ताठरपणा मिट उभा धरतो.

पद्धत अशी. पहिल्या दिवशी कंडिशनर लावून रात्रभर ठेवायचा, सकाळी उरलेला पुसून काढायचा. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही, म्हणजे मोठ्या माणसाने, दोन्ही हातांनी टाचेतली घडी पुढेमागे मोडायची, दहा मिनिटं. नंतर मिट मांडीवर ठेवून कपडे धुवायच्या लाकडी मोगरीने किंवा ग्लोव्हच्या गोल हातोडीने पॉकेटवर ठोकायचं. जागा नेमकी हवी: वेबच्या खालच्या टोकाला आणि तर्जनीच्या बुडाच्या मधे. तळव्याच्या मध्यावर ठोकलं तर पॉकेट तळहातावर बनेल आणि प्रत्येक झेल हाताला लागेल. रोज शंभरेक ठोके पुरे.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून मुलीने झेलायचं. आधी १५ फुटांवरून हाताने हळू टाकलेले चेंडू, मग २० ते २५ फुटांवरून. दिवसाला चाळीस-पन्नास. झेलल्यावर मिट मिटून चेंडू एक क्षण धरायचा, यानेच घडी पडते. रात्री पॉकेटमध्ये चेंडू ठेवून मिट सैलसर कापडी पट्टीने बांधायचा. चेंडू तिच्या लीगचाच हवा, बेसबॉल ठेवलात तर पॉकेट लहान बनेल. गादीखाली दाबून ठेवू नका, मिट चपटा होतो.

मऊ चामड्याचा मिट दहा-बारा दिवसांत खेळण्याजोगा होतो. तोवर सामन्यात जुना ग्लोव्ह.

होमप्लेट

धागा मिटचा आहे, पण मिट एकटा घेऊन काही होत नाही, म्हणून लिहितोय. बजेट मर्यादित असेल तर आधी हेल्मेट-मास्क, मग छातीचं आणि पायांचं संरक्षण, मग मिट. मास्कवर नॉक्सीचा (NOCSAE, खेळातल्या संरक्षक साधनांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) शिक्का हवा आणि गळा झाकणारी पट्टी हवी. साडेआठ वर्षांच्या मुलीला छातीचं संरक्षण १३ इंचांच्या आसपास लागतं; गळ्याच्या खोबणीपासून बेंबीच्या थोडं वरपर्यंत मोजा. लांब असेल तर बसल्यावर ते वर सरकून मास्कला टेकतं आणि मान खाली वळत नाही.

बाजूला पिचरला सराव देतानाही मास्क घालायचाच. तिथे बॅटर नसते म्हणून मुलं मास्क काढतात, आणि टप्पा खाल्लेला चेंडू नेमका तेव्हाच तोंडावर येतो.

मिटबद्दल एकच भर. झेलताना बोटं कुठे असावीत हे मिटच्या निवडीइतकंच ठरवतं. पुष्कळ मुली मिटमध्ये तर्जनी तिच्याच घरात घालतात, आणि तर्जनीचं बूड पॉकेटच्या मागेच येतं. तर्जनी बाहेर काढून मिटच्या पाठीवर ठेवली, किंवा एकेक घर करंगळीकडे सरकवून करंगळीच्या घरात करंगळी आणि अनामिका दोन्ही घातल्या, तर पॉकेट खोल होतं, हाताला लागत नाही आणि बाहेरच्या दोन बोटांचा जोर मिट मिटायला मिळतो. खरेदी करताना दोन्ही प्रकारे घालून बघा. काही मिटांत करंगळीचं घर एवढं अरुंद असतं की दोन बोटं जात नाहीत.

रिकामा हात मिटमागे, मूठ सैल, किंवा बेसवर कोणी नसेल तर घोट्यामागे. उघडा पंजा मिटशेजारी ठेवला की फाउल टिप (बॅटला निसटता लागून मागे आलेला चेंडू) बोटाच्या टोकाला लागते.

पाचवी_इनिंग

डावखुऱ्या मुलीचं काय? माझी पुतणी सात वर्षांची आहे, डाव्या हाताने फेकते. कॅचर डावखुरी नसते असं शिकवणारे लोक म्हणतात. तिला उजव्या हाताच्या मुलींचा मिट देताहेत.

डगआउट

ते करू नका. मिट फेकायच्या हातात जाईल आणि तिला प्रत्येक वेळी मिट काढून फेकावं लागेल. सॉफ्टबॉलमध्ये बेस ६० फुटांवर असतात, मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये ९०, म्हणजे इथे फेक तेवढी लांबची नसते. लहान मुलींच्या सामन्यात कॅचरला लांबवर पटकन फेकायची वेळही कमी येते. सात वर्षांची डावखुरी मुलगी खुशाल कॅचर होऊ दे. अडचण फक्त मिटची. उजव्या हातात घालायचे मिट मुलांच्या मापात फार कमी मिळतात. लेबल वाचताना ते कोणत्या हाताने फेकणाऱ्यासाठी आहे हे बघा, कोणत्या हातात घालायचा ते नव्हे. ऑनलाइन खरेदीत इथेच गोंधळ होऊन मिट परत करावा लागतो. मिळाला नाही तर सात वर्षांना सातपुडा यांचा सल्लाच चांगला: डावखुरीचा ११ इंची बंद वेबचा साधा ग्लोव्ह.

गवतफूल

एक शेवटचं. लीगच्या जुन्या सामानाच्या बाजारात एक ३१.५ चा फास्टपिच मिट २५ डॉलरला आहे. तो मऊ झालेला आहे, तिला मिटता येतो. जुना घेण्यात धोका काय?

चामडी_वादी

तिला मिटता येत असेल तर नव्यापेक्षा हाच बरा असू शकतो, पण आधी हे तपासा. मिट उलटा करून आत हात घाला, अस्तर बोटांच्या टोकांशी फाटलेलं आहे का? फाटलेलं असेल तर गादी बाहेर येईल, सोडून द्या. पॉकेट उजेडासमोर धरून अंगठ्याने दाबा; चामडं कागदासारखं पातळ लागलं, वाद्यांच्या भोकांभोवती चिरा असतील, तर घेऊ नका. वाद्या कोरड्या आहेत एवढंच कारण असेल तर चालेल, त्या बदलता येतात: मुलांच्या मिटला ३/१६ इंची चामडी वादी आणि वाकड्या टोकाची सुई लागते. एक वादी पूर्ण सोडायची, तिच्याच मार्गाने नवी ओवायची, मग पुढची. सगळ्या एकदम काढल्यात तर मूळ मार्ग सापडत नाही आणि वेब वाकडा बसतो.

शेवटी मिट टेबलावर टाचेवर उभा करा. उभा राहिला तर अंगठ्याच्या बाजूत अजून दम आहे. अंगठ्याकडची बाजू लगेच लोळली तर तो दोन महिन्यांपेक्षा जास्त चालणार नाही, तेव्हा २५ डॉलरही जास्तच.

होमप्लेट

आणि मागच्या बाजूला पांढरी, करडी किंवा पिवळी गोल नक्षी नाही ना, तेही बघा. चेंडूसारखी दिसणारी वर्तुळं असलेला मिट पंच बाजूला ठेवायला लावतात.

गवतफूल

शनिवारी लेकीला आणि लीगचा ११ इंची चेंडू सोबत घेऊन जाते, दहा वेळा उघडमीट आणि अर्धा मिनिट हात समोर, दोन्ही करून बघते. टाचेवर उभाही करते. नाही जमला तर नवा ३१.